कोपराचा सांधा

कुमुद वारके आमच्या वर्गात होती. सत्त्याऐंशी साली जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही साठ जणांनी मेकॅनिकलला प्रवेश घेतला, त्यात मुलगी ती एकटीच. पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाला बसायची. तिच्या शेजारची जागा चारही वर्षं रिकामी राहिली, कारण तिथं बसायचं धाडस आमच्यातल्या कुणाला झालं नाही. माझं तिच्याशी नीट बोलणं सुरू झालं ते शेवटच्या वर्षी. त्यामुळे इथं सांगतोय त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे, आणि बरंचसं तिने, तिच्या वडिलांनी आणि धुळ्याच्या भटू मिस्तरींनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं आहे.

तिचं गाव यावल तालुक्यात. वडील जीवराम वारके केळीचे बागायतदार, बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. कुमुद नववीत असताना तिच्या आईचं, सुनंदाबाईंचं, शिवणयंत्र टाके सोडायला लागलं. हिने ते खोललं आणि मग परत जोडता येईना. सगळे भाग परातीत घालून तिने फैजपूरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले, आणि तो जोडत होता तेवढा वेळ त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिली. वरून सुई खाली येते, खालून आकडा फिरत येतो आणि दोरा उचलतो. त्या दोघांची गाठ नेमकी कुठल्या क्षणी पडते ते तिला त्या दुपारी दिसलं. पुढे कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने सुचवलं की मुलींना इलेक्ट्रॉनिक्स बरं पडतं. तिने ऐकून घेतलं आणि फॉर्म होता तसाच आत सरकवला.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत प्रत्येकाला सहा आठवडे कारखान्यात ट्रेनिंग करावं लागे. जानेवारीत फळ्यावर यादी लागली. मला अमळनेरची तेलगिरणी मिळाली. काही जण भुसावळला, काही पाइपांच्या कारखान्यात. कुमुदच्या नावासमोर लिहिलं होतं, ‘कॉलेज वर्कशॉप’.

ती ट्रेनिंगचं काम पाहणाऱ्या बोरसे सरांकडे गेली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवून समजावलं की कारखान्यांत शिफ्ट असतात, मुलींसाठी वेगळी सोय नसते, काही झालं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो. वर्कशॉपमध्ये बसून चांगला रिपोर्ट लिही, मार्कांची काळजी करू नकोस, असंही म्हणाले.

“सर, मी स्वतः एखाद्या ठिकाणचं पत्र आणलं तर तुम्ही सही कराल का?” तिने विचारलं.

“आण तर आधी,” सर म्हणाले.

तिने ते आश्वासन धरून ठेवलं. लायब्ररीत एक इंग्रजी मासिक येत असे. त्यात अंतराळयानाच्या बाहेर काम करणाऱ्या यांत्रिक हातावर एक लेख आला होता, आणि त्या हाताच्या कोपराच्या सांध्याचं रेखाचित्र होतं. कुमुदने ते चित्र वहीत तीनदा उतरवून काढलं होतं. मासिकांच्या मागच्या पानांवरून आणि एका जाडजूड निर्देशिकेतून तिने विमानं, रॉकेट, उपग्रह असलं काम चालणाऱ्या अकरा ठिकाणांचे पत्ते उतरवले. मी तिला नंतर एकदा विचारलं की जवळचा एखादा कारखाना सोडून थेट तिकडे कशाला लिहिलंस. ती म्हणाली, “‘नाही’च ऐकायचं होतं, तर जिथं जावंसं वाटतं त्यांच्याकडून ऐकावं.”

ऑफिसातल्या टंकलेखकाला कॉलेजचंच काम संपत नव्हतं, म्हणून तिने अकराही पत्रं हातानं लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तरं आली. एकात नकार होता. दुसरं बंगलोरहून, तिथल्या एका सरकारी अंतराळ केंद्राच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. खाली वेंकटेशन नावाच्या शास्त्रज्ञाची सही. आम्ही अधूनमधून विद्यार्थी घेतो, असं त्यात लिहिलं होतं. विद्यावेतन मिळणार नाही, राहण्याची सोय होणार नाही. तुम्ही स्वतः पाहिलेल्या एखाद्या यंत्ररचनेवर दोन पानं लिहून पाठवा, मग कळवतो.

कुमुदने शिवणयंत्रावर लिहिलं. सुई आणि आकडा यांच्या हालचालींची मापं तिने सुट्टीत घरी जाऊन, आईच्या यंत्राचं चाक हातानं एकेक अंश फिरवत घेतली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होकार आला. बोरसे सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि सही केली.

घरी मात्र प्रश्न वेगळा होता. जीवरामभाऊंनी पत्र हातात घेतलं, इंग्रजी असल्यामुळे तसंच परत दिलं आणि विचारलं, “कुठी राह्यशीन?”

राहायचं अजून काही ठरलेलं नाही, हे तिने सरळ सांगितलं. आई म्हणाली की एवढ्या लांब एकट्या पोरीला कोण पाठवतं, लोक काय म्हणतील. भाऊंनी सुपारी कातरून तोंडात टाकली.

“मले त्या कामातलं काई समजत नाही,” ते शेवटी म्हणाले. “पन मी येतो संगं. जागा पाह्यतो. जागा बरी असली त राह्यशीन, नाही त दोघं वापस येऊ.”

मे महिन्यात बापलेक कर्नाटक एक्स्प्रेसने गेले. भाऊंनी बंगलोरमध्ये नोकरदार बायकांची तीन वसतिगृहं पाहिली. तिथलं पाणी पिऊन पाहिलं, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, एका वॉर्डनबाईशी मोडक्यातोडक्या हिंदीत तासभर बोलले आणि तेच वसतिगृह पक्कं केलं. मग तीन दिवस ते प्रयोगशाळेच्या फाटकासमोर झाडाखाली बसून राहिले. कामाला येणाऱ्या बायका किती वाजता आत जातात, किती वाजता बाहेर येतात, कशा घरी जातात, ते पाहत होते. चौथ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याला नमस्कार करून गाडीत बसले आणि गावी आले.

प्रयोगशाळेत एक मोठं दगडी टेबल होतं, आरशासारखं गुळगुळीत. त्यावर तीन सांध्यांचा एक यांत्रिक हात आडवा ठेवलेला असे. हाताखालच्या बारीक छिद्रांतून हवा सोडली की तो टेबलापासून केसभर वर उचलला जाई आणि नुसत्या बोटाच्या धक्क्यानं सरकू लागे. वजन नसलेल्या जागी हात कसा वागेल ते जमिनीवर पाहायची ही युक्ती होती. कुमुदला पहिल्या दिवशी कुणीतरी त्या हाताला बोट लावू दिलं. तो सरकत गेला आणि थांबेचना. ती सांगायची की त्यानंतर तिला दोन दिवस जेवताना ताट हललं तरी ते निघून जाईल असं वाटायचं.

पण तिचं काम टेबलावर नव्हतं. वेंकटेशननी तिला कोपराच्या सांध्याचं कवच दिलं. आत मोटर, दातेरी चाकं आणि बेअरिंग धरून ठेवणारा अॅल्युमिनियमचा डबा तो. पहिले दोन आठवडे फक्त माप घे आणि चित्र काढ, असं त्यांनी सांगितलं. तिला ते शिक्षेसारखं वाटलं, पण तिने काढलं. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले की हे फार जड आहे, हलकं कर. उरलेले दिवस ती त्याच्या भिंती पातळ करत बसली. कुठं ताण येतो, कुठं येत नाही याची आकडेमोड करून, जिथं येत नाही तिथला धातू काढून टाकत. शेवटच्या आठवड्यात तिने जो आराखडा दिला त्यात वजन एक तृतीयांशाने कमी झालं होतं.

वेंकटेशननी तो बराच वेळ पाहिला. आकडेमोडीत एक चूक काढली, ती तिने तिथंच दुरुस्त केली. मग ते म्हणाले, “कागदावर काहीही बनतं. तू हे बनवून आण. मी टेबलावर लावून बघेन.”

प्रयोगशाळेच्या वर्कशॉपला चार महिन्यांचं काम पडून आहे, असंही त्यांनी सांगितलं. हेच शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून घे, मार्चपर्यंत आण, त्यानंतर टेबल दुसऱ्या कामाला जाईल. उपग्रहासाठी वापरतात त्या अॅल्युमिनियमचे तीन ठोकळे, मोठ्या कामातून उरलेले, त्यांनी तिला चिठ्ठीवर सही घेऊन दिले. आणखी मागू नकोस, आणखी नाहीत, असं बजावलं.

ती जुलैत परत आली तेव्हा तिच्या पिशवीत ते तीन ठोकळे होते. आम्हाला तिचा हेवा वाटला, असं आज म्हणतो. तेव्हा आम्ही थट्टाच केली. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधलं मिलिंग मशीन इतकं झिजलेलं होतं की त्यावर असलं काम होणं शक्य नव्हतं, आणि वर्कशॉपच्या प्रमुखांनी ते सरळ सांगितलं. जळगावच्या एमआयडीसीत ती दिवाळीपर्यंत फिरली. कुणी चहा पाजला, कुणी बाहेरूनच परत पाठवलं. एकच नग, तोही कागदासारख्या भिंतींचा. त्यासाठी मशीन अडवून ठेवणं कुणाला परवडणार. एका कारखान्याच्या फोरमनने मात्र तिला धुळ्याचा पत्ता लिहून दिला. पाचव्या गल्लीच्या टोकाला भटू देवरे म्हणून मिस्तरी आहे, म्हणाला. गिरणीत फिटर होता, आता स्वतःच्या शेडमध्ये यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो. तोंडाचा फटकळ आहे, पण हात चांगला आहे.

ती पुढच्याच शनिवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. भटू मिस्तरी तेव्हा पन्नाशीचे होते. चष्मा कपाळावर, धोतरावर तेलाचे डाग. त्यांनी आराखडा उजेडाकडे धरला, भिंतीच्या जाडीवर बोट ठेवलं आणि कागद घडी करून परत दिला.

“हाई काम व्हणार नही, ताई. भिंत भलती पातय शे.”

“होणार नाही, की तुम्ही करणार नाही?” कुमुदने विचारलं.

मिस्तरींनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. रागावले होते, पण ते तिच्यावर नाही, स्वतःवर, असं ते मला नंतर म्हणाले. “ठोकया दाखाड,” ते म्हणाले.

पहिला ठोकळा त्यांनी एका दिवसात कापला. मशीन जुनं होतं, पण त्यांनी जिवापाड सांभाळलेलं. मशीनवर असेपर्यंत नग देखणा दिसत होता. शिकंज्यातून काढला आणि कुमुदने माप घेतलं, तर बेअरिंग बसायचं भोक लंबगोल झालेलं. फरक चालणार होता दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा, भरला बारा. मिस्तरी म्हणाले तुझं माप चुकतंय. त्यांनी स्वतः माप घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, आणि नग बाकावर ठेवून बिडी ओढायला बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांना कळलं होतं. यंत्रमागाचे बिडाचे भाग आवळायची त्यांच्या हाताला सवय. त्याच ताकदीने त्यांनी हा नग आवळला, तो दाबाखाली कापला गेला आणि सोडल्यावर पूर्वपदावर आला. कापलेलं गोल भोक तेवढं बिघडलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी हलकं आवळलं. दुपारी कटर एका कोपऱ्यात अडकला, नग सरकला आणि भिंतीत बोटभर खाच पडली. क्षणात झालं. मिस्तरींनी मशीन बंद केलं.

“चूक मन्ही शे,” ते म्हणाले.

डिसेंबर निम्मा सरला होता. एकच ठोकळा उरला होता. कॉलेजात बोरसे सरांनी तिला बोलावून सांगितलं की नुसत्या आराखड्यावर प्रोजेक्ट पूर्ण धरता येईल, मी तसं लिहून देतो, हट्ट करू नकोस. आता ते खरोखर तिच्या भल्याचं बोलत होते. तिने विचार करायला एक दिवस मागितला. होस्टेलच्या खोलीत बसून तिने दोन्ही बिघडलेले नग समोर ठेवले आणि कुठं काय झालं ते क्रमाने लिहून काढलं. चार पानं झाली. त्याची एक प्रत तिने वेंकटेशनना पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की मी बनवणार आहे.

तिसऱ्या ठोकळ्याला एवढ्यात हात लावायचा नाही असं तिने ठरवलं. तो तिने मिस्तरींच्या कपाटात ठेवायला दिला आणि धुळ्याच्या भंगार बाजारातून साध्या अॅल्युमिनियमचे तुकडे उचलून आणले. आता दर शनिवारी सराव सुरू झाला. सकाळी जळगावहून निघायचं, पारोळ्यामार्गे अकराच्या आत धुळ्याला पोचायचं, संध्याकाळच्या गाडीने परत.

गल्लीत कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. कोण ही मुलगी, दिवसभर शेडमध्ये काय करते. ते मिस्तरींच्या बायकोच्या, भागाबाईंच्या कानावर आलं. त्या कुणाशी भांडल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी शेडच्या दारात पाट मांडला, सूप घेतलं आणि डाळ निवडत बसल्या. मग दर शनिवारी तिथंच बसू लागल्या. दुपारी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्यांच्याच घरून यायचा, आणि कुमुदने जेवल्याशिवाय मशीनजवळ जायचं नाही असा त्यांचा नियम होता.

जानेवारीत वेंकटेशनचं उत्तर आलं. त्यांनी दिलासा दिला नव्हता, एक सूचना दिली होती. आधी जाडसर कापा, मग नग आठवडाभर नुसता ठेवा, धातूला सैल होऊ द्या आणि मग शेवटचा बारीक काप घ्या. तसं करून पाहिलं. मापातला फरक बारा शतांशांवरून सातवर आला. पण भिंत कटरखाली थरथरायची आणि पृष्ठभागावर लाटा उठायच्या. पाच तुकडे असेच वाया गेले.

सहाव्या वेळी भागाबाईंनी डाळीतून मान वर केली. मागच्या महिन्यात त्यांची पाटली सोनाराकडे ठोकायला दिली होती. पाटली आतून पोकळ. सोनार ती नुसती हातात धरून ठोकत नाही, म्हणाल्या. आत लाख भरतो, म्हणजे चेपत नाही, आणि काम झालं की गरम करून काढून घेतो. तुम्ही त्या डब्यात काही भरत का नाही?

मिस्तरींनी मशीन थांबवलं. त्याच दुपारी त्यांनी गल्लीतल्या सोनाराकडून लाख आणली, त्यात मेण मिसळून ती मऊ केली आणि नगाच्या पोकळीत ओतली. थंड झाल्यावर काप घेतला. भिंत थरथरली नाही. फरक आला चार.

चारावर मात्र ते अडकलं. आणखी दोन तुकडे, तरी चार. शेवटी मिस्तरींनी आराखडा फळीवर पसरला, फडक्याने हात पुसले आणि तिला जवळ बोलावलं. “तू हाई भिंत काढी ऱ्हायनी,” ते म्हणाले, “पन तिले धराले काय ठेवं?”

भोकाभोवतीची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी होती. तिथं आतून एक पट्टी, फासळीसारखी, ठेवली असती तर गोलाई धरून राहिली असती. कुमुदला हे तेव्हाच पटलं, पण ती लगेच हो म्हणाली नाही. ती पट्टी ठेवली की वजन वाढणार होतं. वजन एक तृतीयांशाने कमी केलं, हे तिने बंगलोरमध्ये सर्वांसमोर मांडलं होतं, कॉलेजात सांगितलं होतं, घरी वडिलांना सुद्धा. आता तो आकडा पाव हिश्श्यावर येणार होता. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून पारोळ्यापर्यंत स्वतःशी भांडत आली. मला ती म्हणाली, “मला वाटायचं अडचण मिस्तरींच्या मशीनमध्ये आहे. ती माझ्या चित्रात होती.” रविवारी तिने ड्रॉइंग बोर्डवर नवीन कागद लावला आणि फासळी घालून सगळा आराखडा पहिल्यापासून काढला.

फेब्रुवारीत कपाटातून तिसरा ठोकळा निघाला. एका शनिवारी जाडसर काप झाला. आठवडाभर नग भागाबाईंच्या घरात कणगीवर कापडात गुंडाळून राहिला, आणि घरातलं कुणी त्याला शिवलं नाही. पुढच्या शनिवारी लाख भरली आणि शेवटचा काप घेतला. त्या दिवशी मी धुळ्याला गेलो होतो. एवढं काय चाललंय ते पाहायचं म्हणून. शेडमध्ये मशीनशिवाय दुसरा आवाज नव्हता. मिस्तरी चाक फिरवत होते ते इतक्या हळू, की मला वाटलं थांबलेच आहेत. लाख काढून, नग धुऊन कुमुदने माप घेतलं. सगळीकडे दोनच्या आत, एका जागी तीन.

मी म्हटलं, तीन काय आणि दोन काय, दोन लिही. तिने मान हलवली आणि तीन लिहिलं.

मार्चच्या सुरुवातीला ती बंगलोरला निघाली तेव्हा मिस्तरी बरोबर होते. नाशिकच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. आपण बनवलेलं फिरतं की नाही ते पाहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भागाबाईंनी दोघांसाठी दोन दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या.

वेंकटेशननी नग हातात घेतला, मग तिची मापं वाचली. तीनच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. दुपारी सांधा जोडून हात टेबलावर ठेवला. हवा सोडली, मोटर सुरू केली. कोपर वाकू लागलं, बरंच वाकलं, आणि अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन अडलं. परत केलं, परत तिथंच अडलं. भोकातली ती एक जागा बेअरिंगला दाबत होती. खोलीतले लोक एकेक करून आपापल्या कामाला लागले. कुमुद टेबलापाशी उभी राहिली. तिला रडू आलं नाही, असं ती सांगते. डोक्यात एकच विचार होता, की हे सुधारता येईल की नाही.

ती मिस्तरींकडे वळली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी लाकडाची एक गोल काठी, बारीक पॉलिशची पेस्ट आणि निळा रंग मागितला. तिने ते इंग्रजीत सांगितलं. वेंकटेशननी एका तंत्रज्ञाला पाठवून तिन्ही वस्तू आणवल्या. मिस्तरी खिडकीजवळच्या बाकावर बसले. भोकात निळा रंग लावायचा, बेअरिंग घालून काढायचं, रंग कुठं घासला गेला ते पाहायचं, तेवढीच जागा काठीने घासायची, पुसायची, पुन्हा रंग लावायचा. दोन तास हेच चाललं. हळूहळू तंत्रज्ञ भोवती जमले. एकाने विचारलं की एवढ्या पातळ भिंती कापताना नग धरला कसा. कुमुदने प्रश्न अहिराणीत सांगितला, जमेल तसा, कारण तिची बोली वेगळी. मिस्तरी घासता घासता म्हणाले, लाखेत. आणि ते मला नाही, माझ्या बायकोला सुचलं. तिने तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

चार वाजता सांधा पुन्हा जोडला. कोपर वाकलं, अर्ध्यावर आलं, पुढे गेलं, शेवटपर्यंत गेलं आणि परत आलं. वेंकटेशननी शंभर वेळा वाकवायला सांगितलं. शंभर वेळा वाकलं. मिस्तरी टेबलाच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. मोजत होते, असं ते म्हणाले, पण चाळीसच्या पुढे त्यांचं लक्ष मोजण्यावर राहिलं नाही.

कुमुदला प्रमाणपत्र मिळालं. मिस्तरींना देण्यासारखं तिथं काही नव्हतं. प्रमाणपत्र विद्यार्थ्यांनाच मिळतं, आणि वेंकटेशननी तसं दिलगिरीने सांगितलं. आराखड्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला. कुमुदने पट्टी घेतली आणि त्या चौकटीखाली आणखी एक ओळ आखली. त्यात लिहिलं, बनवणारे: भटू देवरे आणि भागाबाई देवरे, धुळे. वेंकटेशननी त्या ओळीसकट आराखड्यावर सही केली.

तो सांधा अंतराळात गेला नाही. तो जमिनीवरच्या चाचण्यांसाठीच होता, आणि मार्च सरल्यावर टेबल दुसऱ्या कामाला गेलं. कुमुदने त्या केंद्राच्या नोकरीसाठी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीत राहिली. दुसऱ्या वेळी बोलावणं आलं नाही. ते दिवस तिला जड गेले. ती गावी राहत होती, बाहेर फारशी निघत नव्हती, आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. एका सकाळी भाऊंनी वर्तमानपत्र तिच्यासमोर ठेवलं. धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या शिक्षकाची जागा होती. जाहिरातीभोवती त्यांनी पेनाने गोल केला होता. त्र्याण्णव साली ती तिथं लागली.

ट्रेनिंगचं काम कुणालाच नको असतं, ते नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. तिने ते आनंदाने घेतलं. पहिल्या वर्षी तिने चाळीस ठिकाणी पत्रं लिहिली. नाशिक जिल्ह्यातल्या एका विमानांच्या कारखान्याने मुलांना घेतलं, मुलींना नाही म्हटलं. ती स्वतः तिथं गेली. तीन दिवस राहिली, मुलींना राहायला आसपास काय मिळतं, जायला-यायला बस कुठली, सगळं पाहून दोन पानी टिपण तयार केलं आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं. त्या वर्षी नाहीच झालं. पुढच्या वर्षी ती परत गेली. तिसऱ्या वर्षी, शहाण्णव साली, दोन मुली घेतल्या. त्यांच्यातल्या एकीच्या घरचे तयार नव्हते, तर कुमुद शिरपूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी जाऊन दोन वेळा जेवून आली. तिथं ती काय बोलली मला माहीत नाही, पण ती मुलगी गेली. आज ती पुण्याला टूल-डिझाइनमध्ये आहे.

लग्न तिने केलं, अठ्ठ्याण्णव साली, स्वतःच्या अटीवर, की धुळं सोडणार नाही. नवरा बँकेत आहे, शांत माणूस. भटू मिस्तरींचा उजवा डोळा अधू झाला तेव्हा ऑपरेशनला तीच त्यांना घेऊन गेली. त्यांचं मशीन अजून चालतं. दर उन्हाळ्यात पॉलिटेक्निकची चार-पाच मुलं-मुली महिनाभर त्या शेडमध्ये शिकायला असतात, आणि मिस्तरी त्यांना पहिले आठ दिवस फक्त आवळायला आणि सोडायला लावतात.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात मला ती धुळ्याच्या बसस्टँडवर भेटली. मी जळगावला निघालो होतो. तिच्याबरोबर पॉलिटेक्निकच्या तीन मुली होत्या, ट्रंका आणि वळकट्या घेऊन, अहमदाबादच्या एका प्रयोगशाळेत सहा आठवड्यांसाठी चाललेल्या. सुरतमार्गे जायचं होतं, आणि त्यांची सोय लावून द्यायला ती बरोबर निघाली होती. त्यातली एक घाबरून रडवेली झाली होती आणि परत जायचं म्हणत होती. कुमुद तिच्यावर रागावली नाही की तिने तिला समजावलंही नाही. तिच्या हातात एक कागद दिला आणि प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी विचारायचे पाच प्रश्न लिहून काढ, म्हणाली. मुलगी ट्रंकेवर बसून लिहू लागली. तिसऱ्या प्रश्नावर ती अडली तेव्हा सुरतची गाडी फलाटाला लागली, आणि कुमुद वळकट्या उचलून जागा धरायला गर्दीत घुसली.